बांदखोलची शेवटची खांड

"सायबानू, पाय सांभाळा," आबा म्हणाले, आणि तेवढ्यात चिखलाने ठवकरसाहेबांचा उजवा बूट गिळला.

साहेब एका पायावर उभे, दुसऱ्या पायातला मोजा हवेत. मी पुढे होऊन त्यांना हात दिला. आबांनी खाली वाकून कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि बूट ओढून काढला. मग तोच हात पाण्यात बुचकळून त्यांनी शेतातली चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली.

"काय खाऊन राहिले हे?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

"मातीत खार किती चढलाय ते बघतात."

"किती चढला?"

मी आबांकडे पाहिलं. आबा धुक्याकडे बघत होते.

माघातली सकाळ होती. आमच्याकडे त्या दिवसांत खाडीवरून धुकं उठतं आणि उन्हं वर येईपर्यंत कशाला कशाचा पत्ता नसतो. पाणी कुठे संपलं, बांध कुठे सुरू झाला, शेत कुठे, काही कळत नाही. मागे गाव म्हणून फक्त माडांचे शेंडे दिसत होते, तेही अधांतरी. मला लग्न होऊन आल्यापासून ही वेळ आवडायची. माणसाला वाटावं, आपण अजून उठलोच नाही, आणि उठलो नाही तोवर कुठलाच निर्णय करायला लागणार नाही.

पण निर्णय तर करायचा होता, आणि तो माझ्याच गळ्यात होता. मी तेव्हा बांदखोलची सरपंच होते. जागा बायकांसाठी राखीव झाली, आणि गावात तोंड चालणारी सून म्हणून लोकांनी मला घोड्यावर बसवलं. नवरा, संदेश, बोटीवर कामाला. अर्धं वर्ष समुद्राचा, उरलेलं आमचा. घरात मी, दोन मुलं आणि सासरे. सासरे म्हणजे हेच आबा, लवू घाडीगावकर, गावाचे घाडी. गावाचं म्हणणं देवापुढे मांडायचं, गाऱ्हाणं घालायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे.

बांदखोलची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध, आणि त्या बांधावर सगळ्या गावाचं पोट. बांध फुटला की त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. पूर्वी खांड कधीमधी पडायची, म्हातारी माणसं साल सांगताना 'त्या खांडीच्या वर्षी' असं सांगायची. त्या काळात मात्र तिला काही धरबंधच उरला नव्हता. दर मोठ्या उधाणाला खांड. शेतात खार, आणि खालच्या वाडीतल्या विहिरींचं पाणी चहाला चालेना.

म्हणून सरकारच्या निधीतून ठवकरसाहेब आले होते. समुद्र चढतोय, पाऊस बेताल झालाय, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांना आणि जमिनींना तगवण्यासाठी वेगळा निधी ठेवला होता. साहेब मूळ भंडाऱ्याचे. तलावांच्या मुलखातला माणूस. भरती-ओहोटी त्यांनी नोकरीत आल्यावर पहिल्यांदा पाहिली. पण माणूस सरळ होता आणि त्यांची योजनाही सरळ होती. जुना बांध सोडून द्यायचा. बराच आत, उंच जागेवर, नवा भक्कम बांध घालायचा. दोन्हींच्या मधली जमीन समुद्राला द्यायची. तिथे कांदळवन माजेल, लाटांचा जोर तेच खाईल, आणि नवा बांध टिकेल.

ग्रामसभेत मी हे लोकांना माझ्या भाषेत सांगितलं होतं. "पावण्याला ओटीवर बसायला जागा दिली तर तो चुलीपर्यंत येणार नाही."

त्यावर काशीमावशी मोंडकर म्हणाली, "म्हणजे सरकार निधी देता तो आमका नाय, समुद्राक!" आणि सभा हसून हसून लोळली. काशीमावशीने आयुष्यात एकही ग्रामसभा चुकवली नाही आणि एकही गंभीरपणे घेतली नाही.

अडचण एकच होती. मधल्या जमिनीच्या सगळ्या मालकांची संमती हवी होती, आणि तीही मार्चअखेर, नाहीतर निधी परत. मालक बहुतेक मुंबईला. त्यांनी वर्षानुवर्षं जमिनीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फोनवरच हो म्हणून मोकळे झाले. त्या पट्ट्यात अजून नांगर धरणारा माणूस एकच उरला होता, आणि तो आता चिखलाने भरलेला बूट हातात घेऊन साहेबांपुढे उभा होता.

"बाबा," साहेब म्हणाले, "ते लाल झेंडीवाले बांबू दिसतात ना? तिथून नवा बांध येईल. तुमचं शेत बाहेरच्या बाजूला जाईल. पाहा बाप्पा, मी लपवून नाही ठेवत."

आबांनी बूट त्यांच्यापुढे ठेवला. "उन्हात वाळवा. चुलीकडे ठेवू नका, चामडा तडकता."

एवढंच बोलून ते धुक्यात चालू लागले.

आमच्याकडे भाताच्या शेताच्या तुकड्याला कुणगा म्हणतात. आबांचा हा खालचा कुणगा म्हणजे आमचं सगळं शेत. त्यांच्या तरुणपणी मोठी खांड पडून तो पार खारा झाला होता, गवत उगवेना. लोकांनी सोडून दिला. आबांनी आणि माझ्या सासूबाईंनी सोडला नाही. दर पावसाळ्यात गोडं पाणी कोंडायचं, खार त्यात उतरला की ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं. असे कित्येक पावसाळे. आज खार किती उतरला हे आबा जिभेने बघायचे. सासूबाई होत्या तोवर त्यांना चिडवायच्या, "माझ्या आमटीत मीठ कमी की जास्त ता कळना नाय, आणि मातीतला बरा कळता!" मी लग्न होऊन आले त्या पहिल्या पावसाळ्यात तिथेच लावणी केली. माझ्या मुलांनी खाल्लेला पहिला भात तिथला.

म्हणजे सरपंच म्हणून मला आबांचा होकार हवा होता, आणि सून म्हणून तो मागायला माझी जीभ रेटत नव्हती. एका तोंडाने दोन घास गिळायची ही तऱ्हा. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी एका संध्याकाळी खळ्यात बसून ते जाळं विणत होते, तेव्हा मी धीर केला.

"आबा, साहेब परत विचारत होते. काय ठरवलास?"

"माझा काय ठरवचा? देवाक विचारूया."

"देवाक कित्याक? शेत तुमचा आसा."

"शेत माझा. बांद गावचो. बांदाचो विचार कौलाशिवाय कोणी केल्लो आयकलंस तू?"

नव्हतं ऐकलं. आमच्या गावात बांधाचा एक दगड हलवायचा तरी रवळनाथाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला दोन फुलं ओली करून चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. घाडी गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवं फूल आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. नकार आला की विषय संपला. मग सरपंच काय नि कलेक्टर काय.

"पण कौल लावतले कोण? तुमीच ना?"

"मगे दुसरो घाडी खंय आसा गावात?"

गावात ही बातमी पसरली तेव्हा काशीमावशी नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बरा आसा! आरोपी तोच, वकील तोच, आणि जज्जाक फुला लावणारोय तोच!"

मी हसले. रात्री मात्र मला हसू आलं नाही. डावं पडलं तर सगळी खाजणं, म्हणजे बांधाआडची ही भातशेतं, जाणार होती, विहिरी जाणार होत्या. उजवं पडलं तर आबा जाणार होते. म्हणजे मरणार नव्हते. पण सकाळी उठून कुणग्यावर न जाणारे आबा कसे असतील, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना.

कौलाचा दिवस ठरला तो फाल्गुनातला. सुरंगी ऐन बहरात होती. देवळाच्या आवारातल्या झाडाखाली फुलांचा सडा, आणि त्या वासाने माणसाच्या पापण्या जड व्हाव्यात. सगळं गाव जमलं. ठवकरसाहेबही आले, पायात या वेळी चपला, आणि खांबाला टेकून मांडी घालून बसले.

आबांनी सुरंगीची दोन फुलं पाषाणाला लावली. त्या पाषाणाला घाडीशिवाय कोणी हात लावत नाही. मग हात जोडून त्यांनी तो आवाज काढला, जो घरात कधी ऐकू यायचा नाही.

"बा देवा महाराजाऽऽ!"

"व्हय महाराजा!" गावाने साद दिली.

"आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इलीत. बांद मागे घेवचो, आणि पुढची जमीन दर्याक देवची, असो इचार चल्लो हा. तुझ्या मनात आसात तर उजवो दी. नसात तर डावो दी. आमका वाट दाखय रे महाराजाऽऽ!"

"व्हय महाराजा!"

मग आम्ही वाट बघू लागलो.

एरवी कौल लवकर पडतो. पाणी सुकलं, वारा आला, फूल सुटलं. त्या दिवशी पडेना. ऊन देवळाच्या पायऱ्यांवरून सरकत आत आलं, आमच्या मांड्यांवर बसलं, आणि पुन्हा सरकत बाहेर गेलं. पोरं झोपली. बायकांनी आडोशाला जाऊन गुपचूप चहा करून आणला. दूर खाडीत भरती लागल्याचा आवाज येत होता, किंवा तो माझ्याच कानातला असेल. सुरंगीच्या वासात सगळं गाव तरंगत होतं. साहेबांची मान कितीदा छातीवर आली आणि कितीदा वर गेली. मला स्वप्न पडलं की जाग आली हे अजून सांगता येत नाही, पण मी सासूबाईंना पाहिलं. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून त्या लावणी करत होत्या आणि हसत होत्या. पाणी त्यांच्या बोटांमधून जात होतं आणि रोप काही केल्या रोवलं जात नव्हतं.

"देवाक झोप लागली काय गो?" काशीमावशी माझ्या कानाशी कुजबुजली, तेव्हा मी दचकून सावरले.

फुलं होती तिथेच होती. आबाही होते तिथेच. कौल लावणाऱ्याला कौल पडेपर्यंत बसता येत नाही. आमच्याकडे पाठ करून ते सबंध दिवस उभे होते, आणि त्यांच्या पोटऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. मी तांब्या घेऊन गेले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

दिवेलागणीला ते वळले. घसा बसला होता.

"देव बोलना नाय," ते म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"मी घाडी. देव बोलना नाय तर तेचो अर्थ सांगूचो माझो मान आसा. देव सांगता, तुमका अक्कल दिलेली आसा, ती वापरा. माझ्या डोक्यार बसू नका."

"व्हय महाराजा," दोघातिघांनी सवयीने साद दिली, आणि आपण कशाला हो म्हटलं हे कळून गप्प झाले.

"तर मी माझी अक्कल वापरतंय. माझो खालचो कुणगो मी दर्याक दिलंय. सायबानू, सही खंय करूची ता दाखवा."

साहेब धडपडत उठले. त्यांना पेन सापडेना, ते खिशालाच होतं. गावातलं कुणीही हललं नाही, काशीमावशीसुद्धा. आबांनी देवळाच्या उंबऱ्यावर बसून, जीभ दातात धरून, सावकाश सही केली. मग आत जाऊन पाषाणावरची फुलं स्वतःच्या हाताने काढली आणि टोपीत घालून घरी आणली.

घरी आल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे खोबरेल मागितलं.

मला वाटलं, पायांना लावायला. मी वाटी घेऊन गेले तर ते बोटांची टोकं तेलाने चोळत होते. अंगठा आणि दोन बोटं. काळपट, चिकट काहीतरी सुटून येत होतं. कोकणात वाढलेल्या बाईला हे ओळखायला दिवा लागत नाही. फणसाचा चीक तेलाशिवाय निघत नाही. आणि मला आठवलं, सकाळी आबांनी स्वतः परसातली फणसाची कुयरी काढून आणली होती. 'भाजी कर' म्हणाले होते. भाजीत ते कधी लक्ष घालायचे नाहीत.

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आबा. फुला चिकान लावलास?"

ते बोटं चोळत राहिले.

"देवाच्या पाषाणाक?"

"देवाक फणस चलता," ते म्हणाले. पण हसले नाहीत. मग म्हणाले, "उजवो पडलो असतो तर लोक म्हणतले होते, देवान लवूचा शेत काडून घेतल्यान. डावो पडलो असतो आणि उद्या गाव बुडलो, तर देवाक बोल लावतले होते. तेच्या डोक्यार ह्या ओझा कित्याक?"

"एवढाच?"

"नाय." वाटीतल्या तेलात त्यांनी बोट फिरवलं. "माका भिती वाटली, बाय."

"उजवो पडात म्हणान?"

"डावो पडात म्हणान. डावो पडलो असतो तर माका लय बरा वाटला असता. तीच भिती."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. आबांनी तेलाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "संदेशाक सांगा नको," ते म्हणाले. ते होते तोवर मी कुणालाच सांगितलं नाही.

निधी आला. पोकलेन आलं, डंपर आले, आणि पुढच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत आतल्या बाजूला नवा बांध उभा राहिला. सरळ, उंच, गुळगुळीत. आमचा जुना बांध खाडीसारखाच वळणावळणाचा होता. त्याच्याकडून नव्याकडे पाहिलं की लग्नात भाड्याने आणलेल्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटायचं. लोक त्यावरून जपून चालायचे.

शेवटचं काम उरलं होतं ते जुना बांध कापायचं. साहेब म्हणाले, मशीनला अर्धा तास पुरेल. आबा म्हणाले, "परक्यान कापूचो नाय." मग असं ठरलं की शिमग्याच्या पुनवेला, उधाणाच्या दिवशी, आबा स्वतः खांड पाडतील. आयुष्यभर बुजवल्या, एक पाडायची.

त्या सकाळीही धुकं होतं, पण पातळ. गाव बांधावर जमलं. आबांनी धोतर खोचलं, कुदळ घेतली आणि त्यांच्या कुणग्यापुढचा बांध कापायला घेतला. वर्षानुवर्षांची माती, तिच्यात पेंढा, कांदळाच्या फांद्या, दगड, कुणाकुणाच्या हातचे थर. त्यांनी कुणाला मदत करू दिली नाही. भरती चढत होती. मग बांधाच्या पोटातून पाण्याची एक बारीक धार आली, करंगळीएवढी, आणि कुणग्यात उतरून गेल्या वर्षीच्या भाताच्या खुंटांमधून वाट शोधू लागली.

कुणी टाळी वाजवली नाही. काशीमावशीने पदर तोंडाला लावला. धार मनगटाएवढी झाली, मांडीएवढी झाली. लोक थोडा वेळ बघत राहिले आणि मग निमूट घरी गेले. शिमग्याचा दिवस, चुलीवर पुरण शिजत ठेवलेलं, मुंबईचे पाहुणे आलेले. मागे राहिलो आबा, मी आणि साहेब.

ऊन वर आलं आणि धुकं विरलं. पाणी कुणग्यात पसरत होतं, आवाज न करता. आधी सगळे खुंट पाण्यात उभे दिसले, मग नुसती टोकं, मग आभाळ. एवढं मोठं आभाळ आमच्या शेतात कधी उतरलं नव्हतं. बगळे कुठून कुठून येऊन उतरले. इतकं सुंदर दिसत होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. साहेब बूट हातात घेऊन उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

आबा खांडीच्या तोंडाशी उभे होते, कुदळीवर हात ठेवून. बांधाचं एक मोठं ढेकूळ सुटलं आणि पाण्यात कोसळलं. पाणी एकदम घुसलं.

आणि आबा ओरडले.

"खांड पडलीऽऽऽ! धावा रेऽऽऽ! खांडऽऽऽ!"

बांदखोलात एक कायदा आहे, कुठल्या पुस्तकात नसलेला. खांड ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं. ते ओरडणं ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं टाकून धावायचं. जेवण असो, भांडण असो, मयत असो. खांडीला कुणी विचारत नाही, कोणाच्या शेतापुढे पडली म्हणून.

मी आबांकडे बघितलं. त्यांना आपण ओरडलो हेही कळलं नव्हतं. कुदळ टाकून ते पाण्यात उतरले होते आणि दोन्ही हातांनी माती ओढत होते.

गावातून एक आवाज उठला, मग दुसरा, आणि मग सगळं गाव येताना दिसलं. घमेली, टोपल्या, फावडी, पेंढ्याचे भारे. अर्ध्या चड्डीतले मुंबईकर, पुरण लडबडलेल्या हातांच्या बायका. कुणी कुणाला काही विचारलं नाही. बांधावरून पाण्यापर्यंत रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात येऊ लागले. आबा खांडीच्या मधोमध, समुद्राकडे पाठ लावून उभे राहिले; मधला माणूस पाठीने पाणी थोपवतो आणि बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंनी भरत आणतात, ही आमची रीत. आणि मी? गावची सरपंच, योजनेची अध्यक्ष, संमतीच्या कागदावर पहिली सही माझी. मी साडी खोचून आबांच्या उजव्या हाताला छातीएवढ्या पाण्यात उभी होते आणि ओरडत होते, "पेंढो आणा! आधी पेंढो!"

"अहो थांबा ना! अहो सरपंचबाई!" साहेब बांधावर नाचत होते. "काय करून राहिले तुम्ही? अजी बाप्पा, थांबा!"

पण खांडीच्या वेळी परक्याचं कुणी ऐकत नाही.

खांड अर्ध्याहून जास्त बुजली. पाणी ओसरून पुन्हा धारेवर आलं. आणि तेव्हा काशीमावशी, डोक्यावर टोपली, कोपरापर्यंत चिखल, मध्येच थांबली.

"गो दर्शना," ती मला म्हणाली, "ही खांड आपणच पाडली मां?"

सगळे थांबले.

रांग होती तशी राहिली. प्रत्येकाच्या हातात चिखलाचा एकेक गोळा. कुणी हसलं नाही. पाणी आमच्या अंगाला ढुशा देत होतं. सोडा, असं मी म्हणायला हवं होतं. ते माझं काम होतं. पण हातातला गोळा मलाच खाली टाकवेना. आमच्या बायकापोरांना जन्मापासून एकच शिकवलेलं, खांडीवर आणलेली माती टाकून द्यायची नाही.

सगळे आबांकडे बघू लागले. ते समुद्राला पाठ लावून तसेच उभे होते, डोळे मिटून. पाण्याचा सगळा जोर त्यांच्या पाठीवर होता. त्यांनी डोळे उघडले आणि समोर कुणग्याकडे पाहिलं. तिथे आता भात नव्हता, बांध नव्हते, आभाळ होतं आणि बगळे होते.

"येवंदे तेका," आबा म्हणाले. "आमीच बोलावलंव. दारात इलेल्याच्या तोंडार दार लावूचा नाय."

ते बाजूला झाले.

आम्ही नुकती भरलेली माती पाण्याने एका दमात उचलली. आबांच्या हातातला गोळा मात्र त्यांनी सोडला नाही. तो छातीशी धरून ते कुणग्यात शिरले आणि आतल्या बाजूला चालू लागले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे काशीमावशी, आणि मग सगळं गाव, हातात गोळे घेऊन, आभाळातून चालल्यासारखं. घाई कुणालाच नव्हती. पाणी आमच्या पोटऱ्यांशी, आमच्याच चालीने येत होतं. शेत संपलं तसं ते मागे राहिलं, आणि आम्ही नव्या बांधापाशी पोचलो.

आबा चढून वर गेले. त्या सरळ, गुळगुळीत माथ्यावर त्यांनी आपला गोळा ठेवला आणि तळहाताने थापला. त्यांच्या शेजारी मी माझा ठेवला. मग एकामागून एक सगळ्यांनी. साहेबही आले, कुणीतरी त्यांच्या हातात एक गोळा दिला होता. बांधाचा माथा पार ओबडधोबड झाला, बोटांचे ठसे, मध्येच पेंढा, मध्येच पुरण.

आबा दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

"आता बांदासारखो दिसता," ते म्हणाले.